पाठमोरे, वळा!

आमच्या लाँड्रीत येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांना वाटतं की आमचं आडनावच पाठमोरे आहे. सुरुवातीला मी प्रत्येकाची चूक दुरुस्त करत असे, मग कंटाळले. आता कुणी "पाठमोरे वहिनी, माझा कोट झाला का?" असं विचारलं की मी मुकाट्याने कोट काढून देते.

हे नाव आमच्या ह्यांनी फुटबॉलच्या स्टँडवर कमावलं. कमावलं म्हणजे मैदानाकडे पाठ करून उभं राहून कमावलं. फार पूर्वी, आमचं लग्न व्हायच्याही आधी, एका सामन्यात ह्यांची टोपी मागच्या पायरीवर पडली. ती उचलायला हे वळले आणि तेवढ्यात आपल्या संघाने गोल केला. पुढच्या सामन्यात मागच्या माणसाने हाक मारली म्हणून वळले, पुन्हा गोल. तिसऱ्या वेळी टोपीही पडली नाही आणि हाकही कुणी मारली नाही, लोकांनीच ह्यांना खांद्याला धरून वळवलं. झालं! तेव्हापासून सामना अडला की वरून कुणीतरी ओरडतं, "पाठमोरे, वळा!" मग सगळा स्टँड पाय आपटायला लागतो. हे उठतात, शर्टाची कॉलर सारखी करतात आणि एखाद्या दुकानाचं उद्घाटन करायचं असल्याच्या थाटात वळतात. दर वेळी गोल होतोच असं नाही. पण न झालेले गोल लक्षात कोण ठेवतो?

याचा परिणाम असा की, घरच्या मैदानावरचा एकही सामना न चुकवणाऱ्या माझ्या नवऱ्याने आपल्या संघाचा एकही मोठा गोल बघितलेला नाही. चषक जिंकला त्या वर्षीचा तर नाहीच नाही.

त्या अंतिम सामन्याला मी होते. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माझा भाऊ मला घेऊन आला, जागेवर बसवलं आणि स्वतः मित्रांबरोबर खाली कठड्याशी गेला. सामना संपत आला तरी गोल काही होईना. लोकांनी आरडाओरडा सुरू केला, आणि माझ्या पुढच्या ओळीतला एक बारीक मिशीवाला तरुण उठून थेट माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, काय आगाऊ माणूस आहे! मी मान फिरवली तर म्हणतो, "अहो बाई, काय चाललंय ते सांगता का जरा?"

बाई! तोवर मला कुणी बाई म्हटलेलं नव्हतं. पण त्याचा चेहरा इतका कासावीस झाला होता की मी सांगायला लागले. "तो जाडा माणूस पडला. आता उठला. एकजण तिरका पळतोय. सगळे सरळ पळतात आणि हा एकटाच तिरका का पळतोय? अहो, बॉल त्याच्याकडेच आहे! अजून तिरकाच चाललाय... अय्या! गेला! आत गेला!" पुढचं मला सांगता आलं नाही, कारण अर्धा स्टँड आमच्या अंगावर पडला होता. त्या खेळाडूला तेव्हापासून अख्खं गाव तिरका म्हणतं. हे बारसं मी केलं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. बारीक मिशीवाल्याशी मी वर्षभरात लग्न केलं आणि त्याच्या वडिलांच्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिले, ती अजून उभीच आहे.

त्या गोलाचा धड फोटोसुद्धा नाही. क्लबच्या ऑफिसात एक टांगलेला आहे, पण फोटोग्राफरने बटण दाबता दाबता स्वतःच उडी मारली. फोटोत आभाळ आहे, एक उडालेली टोपी आहे आणि कुणाचं तरी कोपर आहे. ते कोपर आपलं आहे असं सांगणारे लोक मी आजवर खूप पाहिलेत.

तर, गेल्या महिन्यात क्लबचा सेक्रेटरी खेळाडूंच्या जर्सींचं गाठोडं घेऊन दुकानात आला. जर्सी धुवायला येतात त्या आमच्याकडेच, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून. सेक्रेटरी एरवी गाठोडं टाकतो आणि पळतो. त्या दिवशी खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसला.

"काका, यंदा वर्धापनदिनाला भाषणं ठेवायची नाहीत असं कमिटीने ठरवलंय."

"देव पावला," गल्ल्यामागून नाना म्हणाले. नाना म्हणजे माझे सासरे. त्यांना आता इस्त्री उचलवत नाही, पण जीभ उचलवते.

"त्याऐवजी एक जुना काळ एका दिवसापुरता परत आणायचा," सेक्रेटरी म्हणाला. "त्या काळातली जर्सी, हाताने पाट्या टांगायचा स्कोअरबोर्ड, जमतील तेवढे तेव्हाचे खेळाडू आणि समोर तेव्हाचाच संघ. काळ कोणता, ते क्लबचा सगळ्यात इमानी प्रेक्षक ठरवणार. म्हणजे तुम्ही."

ह्यांच्या हातातली इस्त्री हवेतच राहिली. खालची पँट वाचली, ते गिऱ्हाइकाचं नशीब.

"आणि मी काय मेलोय का?" नाना कडाडले.

"नाना, क्लबने मैदानात गवत लावलं म्हणून तुम्ही दहा वर्षं रुसून बसला होता," सेक्रेटरी म्हणाला.

"बरोबरच होतं माझं," नाना म्हणाले आणि गल्ल्यातली चिल्लर उगाचच ढवळायला लागले.

आता मला विचाराल तर, क्लबचे काळ मी डागांवरून ओळखते. नानांचा काळ चिखलाचा. जर्सी रात्रभर हौदात भिजत घातल्याशिवाय कोणत्या संघाची आहे ते कळायचं नाही, असं सासूबाई सांगायच्या. दोनदा तर समोरच्या संघाचे शर्ट धुऊन आपल्या संघाला दिले आणि पुढचा सामना त्यातच झाला. चषकाचा काळ हिरव्या डागांचा. तिरका आणि त्याची टोळी गुडघ्यांवर घसरत जायची. गवताचा तो डाग काढून काढून माझी नखं हिरवी व्हायची. आणि आत्ताचा काळ मला आवडतो, कारण त्याला डागच पडत नाही. मैदान प्लास्टिकचं आहे. जर्सीच्या कॉलरला फक्त केसांची जेल लागलेली असते.

सेक्रेटरी गेला आणि घरात निवडणुकीचं वारं शिरलं. नानांनी प्रचाराला जेवणाच्या टेबलावरच सुरुवात केली. "चिखलाचा काळ घे. अरे, काय सामने व्हायचे! बॉल पाणी पिऊन एवढा जड व्हायचा की हेडिंग केलेला माणूस घरचा पत्ता विसरायचा."

"पण तेव्हा आपण सगळे सामने हरत होतो, आजोबा," आमची मुलगी म्हणाली. ती क्लबच्या मुलींच्या संघात गोलकीपर आहे आणि जेवतानासुद्धा ताटाच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून बसते.

"हरायचो. पण काय हरायचो! आता तुम्ही जिंकता तरी झोपाळल्यासारखे जिंकता."

"बाबा, आत्ताचा काळ घ्या," मुलगी म्हणाली. "आम्ही लीगमध्ये पहिल्या आहोत. जे चाललंय तेच जगायचं, त्यात लाज कसली? आणि माझा सामना होईल. बघायला मिळेल तुम्हाला."

"तुझा सामना मी दर आठवड्याला बघतो."

"अर्धा. उरलेला वेळ तुमची पाठ असते माझ्याकडे."

हे दोघांचंही ऐकून घेत होते. मला ह्यांचा चेहरा पाठ आहे. निवड केव्हाच झाली होती. शेवटी त्यांनी चमचा खाली ठेवला.

"मला चषकाचा सामना हवाय," ते म्हणाले. "तिरक्याचा गोल. जन्मात एकदा तो गोल मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय. लोक येऊन मला विचारतात, तुम्ही होता ना तिथे? होतो. पण त्या दिवशी मी काहीच बघितलं नाही रे. काहीच नाही."

नानांनी मान हलवली. मुलीनेसुद्धा ताटाजवळचे हात मांडीवर घेतले, कारण बापाचा आवाज जरा कापरा झाला होता. मला मात्र ते "काहीच नाही" जाऊन लागलं ते इथे, बरगडीत. सगळा वेळ तोंड माझ्याकडे होतं या माणसाचं! त्याच्यापासून हातभर अंतरावर मी घसा फाडून गोल सांगत होते. आणि हे म्हणतात, काहीच बघितलं नाही. म्हणजे मी कोण? कठडा?

मी लाँड्रीवाली आहे, भांडायचे मला दुसरे मार्ग आहेत. त्या दिवसापासून ह्यांच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरना मी अशी खळ घातली की मान वळवायची तर अख्ख्या माणसाला वळावं लागावं. दोन दिवस ते गळ्याशी बोट घालत फिरले. "हवा कोरडी झालीय का गं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "असेल."

तयारी मात्र जोरात सुरू झाली. चषकाच्या वर्षीच्या जर्सी आमच्याच मागच्या खोलीत कपाटात होत्या, पण त्या आता कुणाच्याच पोटावरून खाली उतरेनात. मग तसंच कापड शोधलं, तसेच पट्टे लावले, आणि मापं घेताना मी तोंडाने एक आकडा सांगून टेपवर दुसरा धरला, म्हणजे कुणाचं मन मोडायला नको. तिरका आता ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. जो माणूस उभ्या आयुष्यात सरळ पळाला नाही, तो लोकांना सरळ गाडी चालवायला शिकवतो. माप देताना त्याने पोट आत घेतलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, जमेल का मला?" मी म्हटलं, "तुम्ही फक्त तिरके पळा. बाकी देव बघेल."

तेवढ्यात एक भानगड झाली. समोरच्या गावच्या संघाचा तेव्हाचा गोलकीपर, ज्याला त्याच्या गावात भिंत म्हणत, त्यालाही बोलावणं गेलं होतं. सेक्रेटरीने त्याला फोनवर गोडीत सांगितलं की शेवटी शेवटी एक गोल जाऊ द्या, आमच्या एका काकांची इच्छा आहे. भिंत भडकला. "त्या एका गोलापायी माझ्या गावाने मला इतकी वर्षं छळलंय," तो म्हणाला. "माझ्या नातवंडांनासुद्धा ठाऊक आहे. आता मला संधी मिळतेय ती मी सोडू? गोल खायचा असेल तर खराखुरा खाईन, नाहीतर खाणार नाही."

हे ऐकल्यावर ह्यांची भूकच गेली. काळ आपल्या हातात आला होता, पण गोल नव्हता. "समज, झालाच नाही तर?" ते मला विचारत राहिले. मी अजून रागात होते, तरी मला दया आली. त्या दिवसाच्या शर्टाला मी खळ जरा कमी घातली. जराच.

वर्धापनदिनाच्या दुपारी स्टँडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. हे त्यांच्या जुन्या जागेवर बसले आणि मी त्यांच्या मागच्या ओळीत, माझ्या जुन्या जागेवर. मुलगी माझ्या शेजारी, फोन तयार ठेवून. नाना वर, पंख्याखालच्या बाकावर, आपल्या रुसव्याच्या काळातल्या दोस्तांबरोबर. दोन्ही संघ मैदानात उतरले आणि टाळ्यांपेक्षा हसण्याचाच आवाज मोठा झाला. काय ती पोटं, काय ती टकलं! नाणेफेकीला वाकलेल्या आपल्या कॅप्टनला सरळ व्हायला दोघांची मदत लागली. पहिल्या दहा मिनिटांत तिघांच्या पायात गोळे आले आणि रेफरीने स्वतःच पाणी मागवलं.

पण गंमत म्हणजे, हळूहळू हसणं थांबलं. दमले तरी ते खरं खेळत होते. पायाला वेग नव्हता, पण बॉल कुठे जायला हवा ते पायाला आठवत होतं. आणि भिंत! म्हातारा दोन्ही हात पसरून उभा राहिला की गोलपोस्ट दिसेनासे व्हायचे. एक बॉल छातीवर घेतला, एक गुडघ्यावर, एक तर चक्क तोंडावर, आणि उठून आमच्या स्टँडकडे बघून वाकून नमस्कार केला. आमच्याच लोकांनी त्याला टाळ्या वाजवल्या. आमची मुलगी गोलकीपर असल्यामुळे तिचं इमान तिथेच ढळलं. "आई, हा माणूस ग्रेट आहे गं," ती म्हणाली.

ह्यांनी पापणी लववली नाही. ओळीपुढच्या दांड्याला धरून पुढे वाकून बघत होते. प्रत्येक वेळी तिरक्याच्या पायात बॉल आला की मला मागून ह्यांचे खांदे वर जाताना दिसत, आणि भिंतीने बॉल धरला की खाली येताना. शेवट जवळ आला. पाट्यांवर दोन्हीकडे शून्य. तिरका मैदानाच्या मधोमध गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता.

आणि वरून आवाज आला, "पाठमोरे, वळा!"

तो नानांचा आवाज होता. सख्खा बाप! एकेक पाय आपटायला लागला आणि बघता बघता सगळा स्टँड हादरायला लागला. "पाठमोरे, वळा! पाठमोरे, वळा!"

ह्यांनी दांडा आणखी घट्ट धरला. माझा जीव टांगणीला लागला. वळले तर गोल होईल, पण दिसणार नाही. नाही वळले तर बघायला डोळे आहेत, पण गोलच नाही. मी स्वतः इतकी वर्षं या खुळचटपणाला हसत आले, पण त्या घडीला माझाही त्यावर पुरता विश्वास बसला होता.

"बाबा, अजिबात वळू नका!" मुलगी ओरडली. "बघायलाच आलायत ना तुम्ही?"

खाली तिरक्याने मान वर केली. त्याने आमच्या स्टँडमध्ये ह्यांना शोधलं आणि बोट हवेत गोल फिरवून दाखवलं. वळा ना राव!

हे उठले. हसले, ते मला मागूनसुद्धा कळलं, कारण त्यांचे कान हलतात. त्यांनी कॉलर सारखी केली, खळीमुळे जरा वेळ लागला, आणि मग अख्खा माणूस सावकाश वळून माझ्यासमोर उभा राहिला. मिशी पांढरी, पण बारीकच. मी म्हणणार होते की अहो, बघा तिकडे, खड्ड्यात गेला तो गोल. तेवढ्यात ते वाकले आणि म्हणाले,

"अहो बाई, काय चाललंय ते सांगता का जरा?"

सांगणं भाग होतं, खाली खेळ चालू होता. "भिंतीने बॉल लांब मारला," मी म्हटलं. "आपल्या कॅप्टनने अडवला. तो पडला. पडल्या पडल्या त्याने पाय मारला. तिरक्याकडे गेला. तिरका पळतोय... अहो, पळतोय! तिरकाच पळतोय! एकाला चुकवलं. दुसरा आपणहूनच बसला. भिंत पुढे आलाय, हात पसरलेत... आता कुठून मारणार हा..."

त्या वेळी ह्यांचा चेहरा कासावीस होता. या वेळी नव्हता. ते कान देऊन गोल ऐकत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. माझे हात कसे हलतात, डोळे कसे मोठे होतात, सगळं सावकाश, चवीने बघत होते. गोल व्हायच्या आधीच त्यांचा चेहरा फुलला होता. आणि मला कळलं की हा माणूस हे पूर्वी एकदा बघून गेलेला आहे, फक्त त्याला ते आठवायला परत इथे उभं राहावं लागलं.

"अय्या!" मी किंचाळले. "पायांमधून! भिंतीच्या पायांमधून गेला! आत गेला!"

अर्धा स्टँड पुन्हा आमच्या अंगावर पडला. माणसांच्या ढिगाऱ्याखाली ह्यांनी माझा हात धरून ठेवला होता. खाली भिंत मैदानात आडवा होऊन पोट धरून हसत होता. तो गोल आपण मुद्दाम सोडला नाही, असं तो अजून शपथेवर सांगतो. तिरका तिरकाच पळत सुटला, तो थेट पाण्याच्या पिंपापाशी थांबला. नाना वरून सगळ्यांना सांगत होते, "मी ओरडलो म्हणून! मी ओरडलो म्हणून!"

माणसं अंगावरून उठली तशी मुलीने फोन पुढे केला. "बाबा, आलाय माझ्याकडे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. घ्या, आता तरी बघा."

"घरी बघू गं," हे म्हणाले. घरी गेल्यावर त्यांनी कपडे बदलले, जेवले आणि घोरायला लागले. फोन मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. गाठोड्यातून जर्सी काढल्या तर सगळ्या घामाने थबथबलेल्या आणि पोटाशी उसवलेल्या. आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक गोलाबद्दलच विचारत होतं आणि हे प्रत्येकाला तो रंगवून सांगत होते. मी वाफेच्या इस्त्रीमागून ऐकत होते. शब्द सगळे माझेच. "दुसरा आपणहूनच बसला" हेसुद्धा माझंच. "अय्या" सुद्धा सोडलं नाही, पांढरी मिशी घेऊन खुशाल "अय्या" म्हणत होते.

कोट न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला राहवलं नाही. "पण पाठमोरे, तुमची तर मैदानाकडे पाठ होती. मी तुमच्या शेजारीच होतो. तुम्ही हा गोल बघितला कुठून?"

ह्यांनी कोटाला लावलेली चिठ्ठी काढली, कोट हँगरवरून उतरवला आणि घडी घालत घालत म्हणाले, "समोरून. अगदी समोरून. दोन्ही वेळा."

गिऱ्हाईक कोट घेऊन डोकं खाजवत गेलं. मी मान खाली घालून इस्त्री फिरवत राहिले, आणि त्या आठवड्यात ह्यांच्या एकाही शर्टाला खळ घातली नाही.